नाव सांगतलं की गुण जाते

वर्धा-पुलगाव गाडीत म्या एक बेल देल्ली अन् गाडी थांबली नाई.

एक बेल म्हंजे थांब, दोन बेल म्हंजे चाल. हे लहान लेकराले बी समजते. आनंदाबाई आमची रोजची पॅसेंजर, टोपलं घेऊन दारापाशी उभी होती. तिचा फाटा मांगं गेला तशी ती माह्यावरच वरडली, "व कंडक्टरबाई, झोपली काय तू?" म्या पुन्हा बेल देल्ली, दोरी तुटते का राह्यते अशी. गाडी आपली चालूनच राह्यली. अन् तीही सरळ नाई, रस्त्याच्या कडंच्या लिंबाच्या झाडाकडं झुकत झुकत.

माहं तोंड खराब हाये, सारा डेपो सांगते. त्याच्यानं आधी मले रागच आला. कारण स्टिअरिंगवर माहाच नवरा होता. आमी दोघंही एकाच डेपोतले, पण एका गाडीवर ड्यूटी क्वचितच लागे. त्या दिवशी लागली होती अन् सकाळी घरी आमचं वाजलं होतं. म्या गरम पोहे समोर ठेवले, हे तसेच टाकून उठले. मले वाटलं, तोच राग काढून राह्यले, माही बेल मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखी करून राह्यले.

"थांबा, सांगतेच आता," असं म्हणत सीटा धरत धरत समोर गेली अन् पाहतो तं काय! खाकी शर्ट पिळून काढावा असा भिजलेला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे, पण पाहून कुठंच नाई राह्यले.

"वो ड्रायव्हर! गाडी थांबवा!"

"उतरा," ते म्हणे, झोपेत बोलल्यासारखे. "सारे उतरा. शाळा सुटली."

झाड एवढं जवळ आलं का त्याची साल दिसून राह्यली होती. लग्न झाल्यापासून म्या त्याईचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेतच नाईत. घरी 'ऐकलं काय', डेपोत 'ड्रायव्हर', बस्स. त्या दिवशी भर गाडीत, साऱ्या पॅसेंजरसमोर, घसा फाटेस्तोवर वरडली, "हेमराज! ब्रेक!"

पाय हालला. तेवढाच हालला, पण ब्रेकवर पडला. सारी गाडी समोर फेकल्या गेली. म्या वाकून हँडब्रेक ओढला, चाबी फिरवली, काढली अन् कमरेले खोचली. ते स्टिअरिंगवर कलंडले.

मांगून एक जण म्हणे, "टाकून आला हाये ड्रायव्हर! सकाळी सकाळी!" दुसऱ्यानं मोबाईल काढला, व्हिडिओ काढाले.

"तुह्या बापानं पाजली काय रे?" मी त्याच्यावर धावली. "ठेव तो मोबाईल, नाई तं तोच तुह्या डोस्क्यावर फोडतो!" आनंदाबाईनं टोपलं खाली ठेवलं, वाकून त्याईच्या तोंडाचा वास घेतला अन् सांगतलं, "दारूचा वास नाई व माय. आंग मात्र थंडंगार पडलं. उचला रे, पाहत काय राह्यले?"

नशीब म्हणाव का काय, एक छोटा दवाखाना तिथून दिसतच होता. चार जणांनी उचलून नेलं. मांगून दुसरी गाडी आली, तिच्यात म्या पॅसेंजर बसवून देल्ले. आमची गाडी तशीच लिंबाखाली उभी राह्यली.

दवाखान्यात आकांक्षा नावाची डॉक्टरीण होती, माह्या पोरीच्या वयाची. तिनं बोटाले सुई टोचली, यंत्रात पाह्यलं अन् तिचा चेहराच बदलला. "शुगर फार खाली गेलीय. सिस्टर, ग्लुकोज आणा, लवकर." सलाईन लावता लावता मले विचारलं, "शुगरच्या गोळ्या चालू आहेत का यांच्या?"

"होत्या. संक्रांतीपासून बंद केल्या."

"इन्सुलिन?"

"नाई व."

तिनं हात थांबवून माह्याकडं पाह्यलं. "गोळी नाही, इन्सुलिन नाही, मग शुगर एवढी खाली कशानं जाईल? आणखी काही घेतात का? काढा, चूर्ण, काहीही?"

मी गप. आता सांगते काऊन गप.

हिवाळ्यात वर्ध्याच्या डॉक्टरनं याईले सांगतलं होतं, का शुगर अशीच राह्यली तं इन्सुलिनची सुई सुरू करा लागन. अन् डेपोत कोणीतरी याईच्या कानात भरलं, का सुई लागली का स्टिअरिंग गेलं समजा. खरं का खोटं देव जाणे. पण त्या दिवसापासून याईची झोप गेली. हा माणूस रोज सकाळी आधी स्टिअरिंगले हात लावून पाया पडते, मंग सीटवर बसते. स्टिअरिंग गेलं तं याईच्याजवळ राह्यलं काय?

मंग डेपोतल्या कुंदन मिस्त्रीच्या सांगण्यावरून आमी बोरच्या जंगलाकडं जंगलूबाबाकडं गेलो. बाबा गोंड, झाडपाल्याचे जाणते, दूरदूरचे लोक येतात. त्याईनं आधीच विचारलं, "डॉक्टरच्या गोळ्या खातेस काय गा?" हे म्हणे, "सोडल्या बाबा, आजपासून सोडल्या." मी बाजूलेच बसली होती. मंग बाबानं दोन अटी घातल्या. एक, औषधाचं नाव कोणापाशी काढाचं नाई, नाव सांगतलं की गुण जाते. दुसरी, डॉक्टरच्या गोळीसंगं हे घ्याचं नाई.

नाव सांगतलं की गुण जाते, हे मी लहानपणापासून ऐकत आली. मुळी बांधली तं सख्ख्या बहिणीलेही सांगत नाईत. भुकटी मीच कुटत होती, सकाळी तोंड धुतल्याबरोबर मीच देत होती, पण नाव जिभेवर येऊ देल्लं नाई. अन् आता ही पोरगी समोर उभी राहून विचारून राह्यली. माह्या मनात एकच आलं, नाव काढलं अन् याईचं काई बरंवाईट झालं तं?

म्या सांगतलं, "नाई. काई नाई घेत."

तेवढ्यात सिस्टरनं ओला खाकी शर्ट माह्या हातात देल्ला. खिशात काईतरी कडक लागलं. काढून पाह्यलं तं शुगरच्या गोळ्यांचं पाकीट. नवं. अर्धं संपलेलं.

गोळ्या सोडल्याच नव्हत्या!

ग्लुकोज गेलं तशी नजर ठिकाणावर आली, तोंडावर रंग आला. म्हणे, "गाडी कुठं हाये?" मी तोंडाले पदर लावून रडली, लाज कायची. डॉक्टरीण पाकीट पाहून बोलली, "अहो, या तर चालू आहेत! बाई म्हणत होत्या बंद केल्या." तं हे कसे चलाख! "तिले काय मालूम, मॅडम. मी ड्यूटीवर येऊन खातो. आज नाश्ता नाई केला, उपाशीपोटी गोळी खाल्ली, तेच नडलं."

डॉक्टरीणले ते पटलं. पटणारच, तसं होतेच. "असं पुन्हा करायचं नाही. आता पोटभर खा, तासाभरानं पुन्हा शुगर बघू. नीट आली तर सोडते," असं म्हणून ती दुसऱ्या पेशंटकडं गेली. याईनं मले डोळ्यानं जवळ बोलावलं.

"नलू, काई बोलू नको. गाडी डेपोत नेऊन लावली तं कोणाले काई समजत नाई. पुढच्या हप्त्यात ड्रायव्हर लोकाईची मेडिकल तपासणी हाये."

"तुमी गोळ्या सोडल्या होत्या ना?"

"सोडून कसं चालन? मेडिकलले शुगर खाली पायजे. बाबाचं बी घेतलं अन् हे बी. महिनाभर एकाच्या जागी दोन गोळ्या."

"दोन? अन् बाबाले काय सांगतलं होतं?"

"बाबाले कोण सांगते!" ते हसले. हसले, बापा! मराच्या दारातून परत आलेला माणूस माह्याकडं पाहून हसला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू फक्त गप राय. नाव फोडलं तं गुणही जाईन अन् स्टिअरिंगही जाईन."

मले अस्सा राग आला का काय सांगू. दोन अटी होत्या. जी पाळून जीव जाऊन राह्यला ती या माणसानं पाळली, अन् जी पाळून जीव वाचला असता ती मोडली! दोन ड्रायव्हर एकाच ब्रेकवर पाय देऊन बसले होते, अन् एकाले दुसऱ्याचा पत्ता नाई. डॉक्टरीणले भुकटी मालूम नाई, बाबाले गोळ्या मालूम नाई. दोन्ही मालूम असणारे आमी दोघंच. त्यातला एक हसून राह्यला होता.

मी बाहेर आली, लिंबाखाली आमच्या गाडीले टेकून उभी राह्यली अन् बाबाले फोन लावला. त्याईच्या नातीनं, रुपानं उचलला अन् बाबाले देल्ला. म्या सारं सांगतलं.

"पोलीस तं नाई ना आले, बाई?" बाबा म्हणे.

"नाई बाबा. मले फक्त सांगा, हे अन् ते मिळून काय होते?"

"मले गोळीतलं काय समजते? त्याच्यानंच तं म्या पह्यले विचारलं होतं. माह्या तोंडावर खोटं बोलला तो." मंग म्हणे, "भुकटी बी साखर उतरवते. आज सकाळी खाल्ली असन तं तिचा जोर अजून हाये. डॉक्टरले सांगून टाक."

"नाव सांगू? मंग गुण...?"

"अवं, नाव फोडलं का लोक वाट्टेल ते झाड उपटून, वाट्टेल तेवढं खातात. म्हणून माह्या आज्यानं तोंड बांधून ठेवलं होतं. मराले टेकलेल्या माणसापाशी झाकाले नाई. सांगून देजो. माह्या नावानं सांगजो."

म्या फोन ठेवला. बाबाच्या तोंडून मोकळीक भेटली, पण स्टिअरिंगची कोण देणार होतं? हा माणूस सारी जिंदगी ज्याच्यासाठी जगला, ते मी माह्या जिभेनं काढून घेऊन राह्यली होती. नाई सांगतलं तं तासाभरानं हे माह्याजवळून चाबी घेतीन. पुढं देवळीचा बाजार, शाळेचे पोट्टे, अन् माही बेल ऐकू न येणारा ड्रायव्हर.

मी आत गेली. डॉक्टरीण त्याईच्याच खाटेपाशी होती. हे प्लेटमधले पोहे खाऊन राह्यले होते. समोरच्या टपरीवरचे! माहे टाकून आले होते.

"डॉक्टरबाई," मी म्हटलं, "मी मघा खोटं बोलली. हे गुडमार अन् बिजासालची भुकटी खातात. रोज सकाळी, मीच देतो. अन् गोळी एकाच्या जागी दोन खातात. महिना झाला."

त्याईचा घास हातातच राह्यला.

"नलू!"

"आजही घेतली, अनशापोटी. जंगलूबाबानं डॉक्टरच्या गोळीसंगं घ्याले मना केलं होतं. याईनं त्याईलेही फसवलं."

"तू माह्या पोटावर पाय देल्ला, नलू," ते म्हणे. हळू म्हणे, अन् ते वरडण्याहून जास्त लागलं.

मले वाटलं होतं डॉक्टरीण आता झाडपाल्याले शिव्या देईन. तिनं नाई देल्ल्या. किती घेता, कवा घेता, कोणत्या गोळीचा किती पॉवर, सारं विचारून घेतलं. मंग बोलली, "काका, ते औषध वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तेही साखर उतरवतं आणि गोळीही उतरवते, आणि गोळी तुम्ही दुप्पट केलीत. तिचा असर लवकर जात नाही. आता शुगर वर दिसली तरी पुन्हा खाली येऊ शकते. आज मी तुम्हाला सोडणार नाही."

"मले काई नाई झालं!" प्लेट फेकली, सलाईनची सुई ओढून काढली, रक्ताची धार लागली. सिस्टर धावली तं तिले बाजूले सारलं अन् दारात माह्यासमोर येऊन उभे राह्यले. "चाबी दे."

"नाई देत."

"नलू, चाबी दे म्हणतो! दोन बेल दे अन् चाल. डेपोत फोन जाच्या आधी गाडी लावाची हाये."

"नाई देत म्हटलं ना! जीव गेला तरी नाई देत."

"माह्यावाली गाडी हाये ती!"

त्याईनं माह्या कमरेकडं हात टाकला. आजवर त्या माणसानं माह्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी मी डोळे मिटून घेतले, अन् चाबी मुठीत घट्ट धरली. हात माह्या मुठीवर आला. अन् मले समजलं, तो चाबी ओढून नाई राह्यला. थरथरून राह्यला. बोटं पुन्हा थंड, तळवा ओला.

डोळे उघडले तं त्याईची नजर माह्यातून आरपार चालली होती.

"शाळा सुटली," ते म्हणे, अन् माह्या आंगावर पडले.

ते ओझं मले अजून आठवते. दोघंही खाली आलो. मी त्याईचं डोस्कं मांडीवर घेऊन बोंबलून राह्यली होती, "हेमराज, हेमराज," दुसरा शब्दच येत नव्हता. डॉक्टरीण तिथंच जमिनीवर बसली अन् तिथंच सुई लावली. तासाभरानं हे सुटले असते तं या वेळेले स्टिअरिंगवर असते.

दुसऱ्या दिवसापर्यंत ग्लुकोज चालूच होतं. शुगर वर ये अन् पुन्हा उतरे, पण आता पाहणारी डॉक्टरीण होती, तिले समजून होतं काऊन उतरते.

दुपारी जंगलूबाबा आले. धोतर धूळधूळ, हातात भुकटीची पुडी. डॉक्टरीणनं खुर्ची देल्ली तं आधी बसेचनात. मंग बसले अन् दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. मोठ्या दवाखान्यात आयुर्वेदाच्या एक मॅडम हायेत, त्याईलेही विचारू, असं ठरलं. कोणतं ठेवाचं, कोणतं सोडाचं, ते साऱ्यांनी मिळून. तोवर भुकटी बंद. जाता जाता बाबा खाटेपाशी आले.

"काऊन गा, जंगलात येऊन माह्याशी खोटं, इथं येऊन डॉक्टरबाईशी खोटं. घरची एक खरं बोलली, तिच्याशी अबोला?"

हे भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले. खरंच अबोला होता. घरी आलो तरी होता. मी पोहे ठेवत होती, ते खात होते, बस्स. पाणी पायजे तं स्वतः उठून घेत. तवा मी सैपाकघरात एकटीच रडत होती अन् एकटीच शिव्या देत होती, त्याईले अन् मले.

मेडिकलच्या दिवशी मी संगं गेली. ये म्हणे नाई, येऊ नको म्हणे नाई. मी बाहेर बाकावर बसली, दार अर्धं उघडं. आतला डॉक्टर तपासत होता. बीपी झालं, डोळे झाले. मंग विचारलं, "शुगर तर बरी दिसते. काही औषध चालू आहे? आणखी काही घेता?"

याईनं नाई म्हटलं तं संपलं, याच कागदावर सही अन् उद्या स्टिअरिंगवर. मी उठली. पुन्हा मीच सांगणार होती, पुन्हा मीच वैरीण होणार होती.

टेबलावर डबा ठेवल्याचा आवाज आला. आमच्या सैपाकघरातला, भुकटीचा.

"गुडमार अन् बिजासाल," ते म्हणे. खणखणीत. "अन् या गोळ्या. दोन्ही संगं घेत होतो. चालत्या गाडीत शुद्ध गेली होती, साहेब. लिहून घ्या."

मी मटकन बाकावर बसली.

बाहेर आले तवा हातात कागद होता. माह्या बाजूले बसले. कितीक दिवसानं एवढं जवळ बसले.

"काय म्हणे?" मी विचारलं.

"स्टिअरिंग नाई सध्या. डेपोत बसाचं, शुगर थाऱ्यावर आली का पुन्हा पाहू म्हणे."

"तुमाले कोणी सांगाले लावलं होतं? मी तं एक शब्द नाई बोलली."

ते कागदाकडं पाहत राह्यले. डोळे भरले होते, पण मले दिसू नये म्हणून मान खालीच.

"तू त्या दिवशीच बेल देल्ली होती, नलू," ते म्हणे. "गाडी थांबवाले मलेच वेळ लागला."